पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणं : स्थानिक नियम आणि परवाने

राहतं घर, फ्लॅट किंवा त्यातली एखादी खोली पर्यटकांना काही रात्रींपुरती द्यायची तर शहराकडून जे परमिट, लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन नंबर घ्यावा लागतो त्याबद्दलची ही नोंद. परवानगी मालकीची नसते, वापराची असते, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. घर स्वतःचं असलं, टॅक्स वेळेवर भरलेला असला, तरी कागदावर त्याचा वापर 'निवासी' असतो, आणि दर दोन दिवसांनी नवा माणूस बॅग घेऊन येऊ लागला की हे घर राहिलं की लॉज झालं हा प्रश्न येतोच.

'थोडे दिवस' म्हणजे किती

सगळे नियम या आकड्यावर उभे आहेत म्हणून इथे जरा थांबायला हवं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांची रेघ मारलेली दिसते. ती आली कुठून याची दोन स्पष्टीकरणं देता येतात. एक म्हणजे भाडं महिन्यावर ठरवायची जुनी रीत, महिनाभर राहिला तो भाडेकरू आणि त्याच्या आतला तो पाहुणा. दुसरं म्हणजे हॉटेल टॅक्स, जो साधारण ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर लागतो. कॅलिफोर्नियापुरतं तरी दुसरं जास्त पटतं, कारण तिथल्या सिव्हिल कोडचं कलम १९४० हॉटेलातल्या तात्पुरत्या पाहुण्याला भाडेकरूच्या हक्कांतून वगळताना सरळ त्या टॅक्सच्या कलमाकडेच बोट दाखवतं. या रेघेची झळ पर्यटकांना नाही, गरीब माणसांना बसली, स्वस्त हॉटेलात महिनोन्महिने राहणाऱ्याला ३० दिवस भरायच्या आत खोली रिकामी करायला लावायची, मग रजिस्टरमध्ये नव्याने नाव लिहायचं, म्हणजे तो कधी भाडेकरू होतच नाही. कलम १९४०.१ ने हा प्रकार बेकायदा ठरवला.

लंडनमध्ये ९० चा आकडा दोनदा येतो आणि लोक हमखास गोंधळतात. १९७३ च्या कायद्यात सलग ९० रात्रींपेक्षा कमी मुक्कामासाठी घर देणं म्हणजे वापर बदलणं, म्हणजे प्लॅनिंगची (जागेचा वापर बदलायची) परवानगी हवीच. २०१५ च्या डीरेग्युलेशन ॲक्टने ही अट सैल केली, आता कॅलेंडर वर्षात सगळ्या मिळून ९० रात्रींपर्यंत परवानगी लागत नाही. पहिला ९० एका मुक्कामाची लांबी मोजतो, दुसरा वर्षाची बेरीज, दोन्ही एकत्र वाचले तरच नियम कळतो.

जपानमध्ये १५ जून २०१८ पासून 'मिनपाकू' (राहत्या घरात पाहुणे ठेवणं) कायदा लागू झाला, वर्षाला १८० दिवसांची मर्यादा. तिथे दिवस दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा मोजतात आणि वर्षही १ एप्रिलच्या दुपारपासून. चेक-इन संध्याकाळी, चेक-आऊट सकाळी, म्हणजे एका रात्रीचा एकच दिवस लागतो, तारखेवर मोजलं असतं तर दोन लागले असते. क्योटोने तर निव्वळ निवासी भागात हे फक्त जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच, म्हणजे पर्यटक कमी असताना चालू ठेवलं. सिंगापूरमध्ये खासगी घरांनाही किमान ३ महिने, तिथे 'थोडे दिवस' हा प्रकार जवळजवळ बंदच.

राहतं घर की धंद्याचं

पॅरिसचा १२० दिवसांचा आकडा हवेतून आलेला नाही. वर्षात किमान ८ महिने जिथे राहता ते मुख्य घर, उरले ४ महिने, म्हणजे १२०. पुढे २०२४ च्या कायद्याने हा आकडा ९० पर्यंत खाली आणायची मुभा शहरांना दिली आणि पॅरिसने २०२५ पासून ती वापरली. दुसरं घर द्यायचं असेल तर वेगळी परवानगी, त्यात गेलेल्या घराच्या बदल्यात दुसरी जागा राहण्यासाठी करून देण्याची अट. ही पद्धत युरोपियन युनियनच्या कोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये मान्य केली, घरांची टंचाई हे पुरेसं कारण आहे असं म्हणत. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच.

न्यूयॉर्कचा लोकल लॉ १८ (अंमल ५ सप्टेंबर २०२३ पासून) यापुढे जातो. ३० दिवसांखालच्या मुक्कामात होस्टने, म्हणजे घर देणाऱ्याने, स्वतः घरात राहायचं, पाहुणे जास्तीत जास्त दोन, आणि घरातल्या खोल्यांना पाहुण्याला अडवणारं कुलूप लावायचं नाही. पाहुण्याच्या खोलीला वेगळी किल्ली दिली की तो घरचा राहत नाही, घरात एक छोटं हॉटेल तयार होतं, असा त्यामागचा विचार. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये १०,१०१ पर्यटक फ्लॅट्सची लायसन्स नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाही असं जाहीर केलं.

वाद

शहरांच्या अटींविरुद्धही निकाल आहेत. न्यू ऑर्लीन्सची 'परमिट फक्त इथल्या रहिवाशालाच' ही अट अमेरिकेच्या पाचव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्ट) २०२२ मध्ये रद्द केली, बाहेरच्या राज्यातल्या मालकाशी भेदभाव होतो म्हणून. ॲरिझोना राज्याने २०१६ मध्ये शहरांना बंदी घालायचा अधिकारच ठेवला नाही, २०२२ मध्ये परमिट मागायची मुभा तेवढी दिली.

स्मोक अलार्म, पाहुण्यांची संख्या, कचरा, पार्किंग, विमा या अटी सगळीकडे थोड्याफार फरकाने असतात. सोसायटीचे किंवा भाडेकराराचे नियम वेगळे, शहराचं परमिट मिळालं म्हणून ते सुटत नाहीत.

अंमलबजावणी

रजिस्ट्रेशन नंबर नसलेलं लिस्टिंग (घराची ऑनलाइन जाहिरात) शोधायचं कुणी हा मोठा प्रश्न होता. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाने लायसन्स नसलेल्या घराचं बुकिंग प्लॅटफॉर्मनेच (Airbnb सारख्या बुकिंग साइटने) घेऊ नये असा नियम केला आणि २०१९ मध्ये तो अपिलात टिकला. युरोपियन युनियनचा २०२४/१०२८ हा नियम २० मे २०२६ पासूनचा आहे. प्लॅटफॉर्मने नोंदणी नंबर दाखवायचा, अधूनमधून तपासायचा, आणि किती रात्री दिल्या याची माहिती साधारण दर महिन्याला सरकारकडे पाठवायची. किती रात्रींना परवानगी द्यायची हे मात्र त्याने ठरवलेलं नाही, तो निर्णय देशांकडे आणि शहरांकडेच आहे.