पीएचडीला अर्ज करायचाय? सांगली-साताऱ्याच्या पोरांनी आधी कागद लावा, मग फॉर्म

दरवर्षी फॉर्म सुटले की मला फोन सुरू होतात, मॅडम शेवटची तारीख जवळ आलीये आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी) नाहीये, मॅडम गाईड मिळेना, मॅडम लग्नानंतर नाव बदललंय ते चालेल का. मी सांगलीत गणित शिकवते, माझी पीएचडी नोकरी करत करत पूर्ण केली, त्यामुळे यातले सगळे खड्डे मला पायाखालचे माहितीयत. खरं सांगू का, फॉर्म भरायला तासभर पुरतो, पण त्याला जोडायचे कागद गोळा करायला चार-सहा महिने जातात, आणि चांगली हुशार पोरं तिथंच अडकतात, विषयात नाही. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

पहिलं म्हणजे विद्यापीठ कुठलं. सांगली, सातारा नि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठात येतात, १९६२ पासून. विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगवाल्यांनी तिथंच बघायचं, आणि त्यासाठी रोज कोल्हापूरला जावं लागतं असं नाही, कारण मान्यता असलेली संशोधन केंद्रं आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांतपण आहेत. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे वेगळं समूह विद्यापीठ, म्हणजे काही कॉलेजं मिळून केलेलं, झालंय, त्याची प्रवेशाची जाहिरात वेगळी बघायची. आरोग्याचं मात्र सगळं निराळं. नर्सिंग, आयुर्वेद, मेडिकलवाल्यांसाठी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाहीतर कराडच्या कृष्णासारखी अभिमत विद्यापीठं, आणि ज्याचे त्याचे नियम. मिरजेची एक नर्सिंगची मुलगी महिनाभर चुकीच्या विद्यापीठाच्या परिपत्रकाचा अभ्यास करत बसली होती, इतकं वाईट वाटलं मला.

पात्रता सगळीकडं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांवर चालते. मास्टर्सला ५५ टक्के पाहिजेत, एससी, एसटी, नॉन क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग नि ईडब्ल्यूएसला ५ टक्के सूट आहे. नव्या धोरणाची चार वर्षांची डिग्री ज्यांनी केली त्यांना मास्टर्स न करता थेट जाता येतं पण तिथं ७५ टक्के लागतात, आणि या प्रवर्गांना त्यातपण ५ टक्के सूट. एमफिल आता बंद झालंय, त्याच्या मागं लागू नका.

मग नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळते, दुसऱ्यात असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी दोन्हीला पात्रता, तिसऱ्यात फक्त पीएचडीला. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो, बाकी दोन गटांना नेटच्या मार्कांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३०, आणि हे मार्क पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे नीट लक्षात ठेवा, कारण बरेचजण निकाल लागल्यावर निवांत बसतात नि पुढच्या वर्षी त्या मार्कांचा उपयोग उरत नाही. विज्ञान नि गणितासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट द्यायची, ती २०० मार्कांची तीन तासांची असते. गणितवाल्यांना एक सांगते, पेपरच्या सी भागात उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत, पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क मिळतात, त्यामुळे अर्धवट समजलेला धडा तिथं कामाला येत नाही. ज्या विद्यापीठाची स्वतःची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, असते तिथं निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर आणि निम्मा तुमच्या विषयावर. आपली पोरं विषय तोंडपाठ करून जातात आणि संशोधन पद्धतीचं पुस्तक उघडूनसुद्धा बघत नाहीत. सेट (राज्याची पात्रता परीक्षा) झालेल्यांना पेटमधून सूट आहे का ते त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता कागद. दहावीपासूनची सगळी मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र (पासिंग सर्टिफिकेटवर भागेल असं धरून चालू नका, पदवीदान झालं की लगेच काढून घ्या), टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन, आधार, फोटो, नेट-सेटचं प्रमाणपत्र. राखीव जागेवर अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, आणि नॉन क्रिमीलेअर, तेही चालू मुदतीतलं. ईडब्ल्यूएसचा दाखला तर त्या आर्थिक वर्षापुरताच असतो, मार्चमध्ये काढलेला जूनला चालत नाही. नोकरीवाल्यांना संस्थेचं ना हरकत पत्र. ते तोंडी 'देतो की' असं म्हणतात आणि लेखी द्यायला दोन-दोन महिने लावतात, म्हणून अर्जाची पोच घेऊन ठेवा.

नावाचं मात्र फार जपा. जत तालुक्यातली एक विद्यार्थिनी माझ्याकडं फाईल घेऊन आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली, पावसाचे दिवस होते. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव सुनंदा, एमएस्सीच्या मार्कशीटवर सुनिता, आणि आधारवर लग्नानंतरचं आडनाव. एकाच मुलीची तीन कागदांवर तीन माणसं झालेली. एका कार्यालयात तिला ॲफिडेव्हिट करा म्हणाले, दुसरीकडं ॲफिडेव्हिट चालणार नाही गॅझेट आणा म्हणाले, आणि या हेलपाट्यात त्या वर्षीची तारीख गेली. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या, विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा, आणि मार्कशीटवरची चूक ज्या बोर्डानं, ज्या विद्यापीठानं केली तिथूनच दुरुस्त करून आणा. आज संध्याकाळी बसा आणि सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीत लिहून बघा, स्पेलिंगसकट.

गाईड हा सगळ्यात नाजूक मुद्दा. प्रोफेसरकडं एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरकडं ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडं ४ एवढेच विद्यार्थी असू शकतात, आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून आधी विद्यापीठाची व्हॅकन्सीची यादी बघा, कुणाकडं जागा आहे, कुठल्या प्रवर्गाची आहे, मग त्या सरांचे दोन-तीन पेपर वाचा आणि मगच भेटायला जा. रिकाम्या हातानं जाऊन 'सर विषय द्या' म्हणू नका. पेपर कुठं वाचायचे तर तुमच्या कॉलेजला वन नेशन वन सबस्क्रिप्शनची सोय आहे का ते ग्रंथालयात विचारा, १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झालीये आणि महागडी जर्नल्स त्यातून फुकट वाचता येतात. आधी झालेले प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर मिळतात, तिथं तुमचाच विषय आधी कुणी केलाय का ते तपासा.

सिनॉप्सिसबद्दल, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याबद्दल, जरा जास्त लिहिते, कारण मुलाखतीत सगळे प्रश्न यावरच येतात. समजा कुणी शीर्षक लिहिलं, 'कृष्णेच्या पुराचा गणिती अभ्यास'. हे पास होणार नाही, यात नदीचा कुठला भाग, कुठली वर्षं, कुठलं समीकरण, काहीच नाही. त्याऐवजी कोयनेचा विसर्ग आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजलेली पाणीपातळी यातला वेळेचा फरक, ठराविक पावसाळ्यांच्या नोंदी घेऊन, असं म्हटलं की लगेच काम दिसायला लागतं. आयर्विनला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालापण माहितीये, २०१९ ला आपण सगळ्यांनी ते पाणी दारात बघितलंय. पण घरोघरी पाठ असलेला आकडा वेगळा आणि तासातासाच्या नोंदींचा रीतसर डेटा वेगळा. तो डेटा मागायला गाईडच्या सहीचं, संशोधन केंद्राच्या लेटरहेडवरचं पत्र लागतं, त्यात कुठल्या वर्षांचा, कशासाठी, हे स्पष्ट लिहायचं. डेटा मिळणार की नाही हे सिनॉप्सिस देण्याआधी विचारून या, नाहीतर विषय मंजूर आणि हात रिकामे अशी गत होते.

माणसांवरचा अभ्यास असेल तर आणखी एक पायरी आहे आणि ती कुणीच वेळेत सांगत नाही. समजा तासगावच्या द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या मजुरांच्या तब्येतीचा अभ्यास करायचाय, रक्त घ्यायचंय, नाहीतर नुसती प्रश्नावली भरून घ्यायचीये, तरी नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी काम सुरू करायच्या आधी पाहिजे. नंतर घेतलेली चालत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं या समितीत ७ ते १५ जण असतात, अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचे, आणि त्यात कायदा जाणणारी आणि सामान्य नागरिक म्हणून येणारी व्यक्तीपण असते. तुमचा आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र तिथं द्यायचं. संमतीपत्र मराठीत, आणि मराठीत म्हणजे मजुराला कळेल अशा मराठीत. 'शिरारक्त नमुना संकलन' असलं लिहून काय उपयोग, 'हाताच्या शिरेतून चमचाभर रक्त घेणार' असं लिहा. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येईल, त्यामुळं उपचार किंवा काम थांबणार नाही, हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. १८ वर्षांखालची मुलं असतील तर आईबापाची संमती, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीपण विचारायची, १२ पर्यंत तोंडी आणि त्यापुढं लेखी. औषधाची चाचणी वगैरे असेल तर पहिला माणूस नोंदवायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी करायची. आणि चांदोली, कोयना अशा संरक्षित जंगलात झाडाझुडपांचे नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची लेखी परवानगी, ती यायला वेळ लागतो म्हणून अर्ज लवकर टाका.

प्रवेश झाल्यावर कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा नेमून दिलेला अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचं, त्यात ५५ टक्के पडावे लागतात. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं कामाचा आढावा द्यायचा. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षं मिळतात, म्हणजे दहापर्यंत, आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांची रजा आहे. हे मुलींनी घरी सांगा, सासरीपण सांगा, कारण 'लग्न झालं आता कसली पीएचडी' हे वाक्य मी फार घरांतून ऐकलंय. प्रबंधातली नक्कल १० टक्क्यांपर्यंत असेल तर चालते, ६० च्या वर गेली तर नोंदणीच रद्द होते.

पैशाचं बघायचं तर जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, वर घरभाडं. ती नसेल तर मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त नि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, अनुसूचित जातींसाठी बार्टी. एमएस्सीला विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी इन्स्पायर फेलोशिप आहे, तिकडं आपल्याकडची पोरं फिरकतच नाहीत. बहुतेक ठिकाणी पीएचडीची नोंदणी पक्की झाल्याचं पत्र लागतं आणि पूर्णवेळ काम करावं लागतं, म्हणून नोंदणीचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी त्याच्या रंगीत स्कॅन काढून ठेवा, संशोधन केंद्राचं बोनाफाईड, गाईडचं शिफारसपत्र आणि आधारला जोडलेलं बँक खातं एकाच फाईलला लावा.

ती जतची मुलगी पुढच्या वर्षी परत आली, गॅझेटची प्रत घेऊन, आईचं नाव दुरुस्त करून. आता तिचं कोर्सवर्क चालू आहे. तुमच्यातल्या कुणाचं नावाचं, व्हॅलिडिटीचं अडलं असेल तर ते काम उद्या सकाळी सुरू करा, जाहिरातीची वाट बघू नका.