पॉलिश आणि वॅक्स: एक घासतं, दुसरं झाकतं

पोळ्याच्या आधी भाच्याने गाडी अंगणात आणून उभी केली अन् म्हणाला, "मामा, दर महिन्याले पॉलिश मारतो, तरी बोनेटवर पाणी घसरत काऊन नाही?" गाडी पाहिली तर बोनेटच्या कडेला बोटभर जागेत चमकच गेलेली. खडूसारखा, कोरडा रंग. पॉलिश आणि वॅक्स एकच समजल्याचा हा परिणाम, आणि तो आमच्याकडे घरोघरी दिसतो.

शेतातला माणूस हा फरक इळ्यावरून लगेच ओळखेल. इळ्याला दगडावर धार लावली की पातं लखलखतं, पण तेवढं लोखंड झिजलेलं असतं. नंतर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवतो, ते वेगळं काम. पॉलिश म्हणजे धारेचा दगड. वॅक्स म्हणजे तेलाचा हात.

आताच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. कंपनीतून येताना तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिशमध्ये अतिशय बारीक खर, म्हणजे घासणारे कण असतात. ही खर या थराचा वरचा भाग खरवडते, ओरखड्यांच्या कडा सपाट करते, म्हणून उजेड नीट परततो आणि गाडी चमकते. ती चमक त्या थरातूनच काढलेली असते. दुकानात मिळणारं रबिंग कंपाउंड तर याहून जाड खरीचं. कडेवर आणि कोपऱ्यावर हात जास्त दाबला जातो, म्हणून थर आधी तिथेच संपतो. भाच्याच्या बोनेटचं नेमकं हेच झालं.

वॅक्स काहीच काढत नाही. ते वर एक पातळ पदर चढवतं. ऊन, धूळ, पाखरांची विष्ठा आधी त्याच्यावर पडते. कारनौबा हे त्यातलं नावाजलेलं मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघतं आणि 82 ते 86 अंशांदरम्यान वितळतं. तरी बाटलीतल्या मेणात इतर तेलं मिसळलेली असतात, आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. असं मेण उन्हाळ्यात काही आठवडेच टिकतं. म्हणून होळीच्या आधी मी सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी रसायनाचा पदर लावतो, ते काही महिने जातं. पण मेण असो की सीलंट, ओरखडा त्याने जात नाही, फार तर थोडा झाकतो.

घोटाळा बाटलीवरच्या नावाने वाढतो. 'वॅक्स पॉलिश' लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत दोन्ही असतं. नाव सोडा, काम वाचा. 'ओरखडे घालवते', 'डाग काढते' असं लिहिलं असेल तर त्यात बहुधा खर आहे, ती दर महिन्याला लावायची नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर पॉलिश घासली की फडक्याला गाडीचाच रंग लागतो. असं दिसलं तर हात आणखी हलका करा.

खरं सांगायचं तर पॉलिशची गरज पडते ती धुण्यातल्या चुकांमुळे. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणं म्हणजे ती माती रंगावर घासणंच. उन्हात पाहा, बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतील, त्या इथूनच येतात. आधी टपापासून खाली मगाने भरपूर पाणी सोडा, माती भिजू द्या, दहा मिनिटं थांबा. मग कार शॅम्पू. भांड्याचा साबण नको, त्याने लावलेलं वॅक्स उतरतं. दोन बादल्या घ्या, एकीत साबण आणि दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. खंगाळायच्या बादलीच्या तळाशी बसलेला काळा गाळ एकदा बोटांनी चोळून पाहा, म्हणजे दुसरी बादली कशाला हवी ते कळेल. चाकांच्या वरच्या पोकळीतली माती शेवटी, वेगळ्या फडक्याने. ती तिथे ओल धरून बसते आणि पत्रा खाते.

दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी आणखी जपावं. तिथलं बोअरचं पाणी गाडीवर वाळलं की पांढरे डाग उरतात. वॅक्स लावल्यावर पाण्याचे गोल थेंब होतात, ते छान दिसतं, पण असं पाणी थेंबातच वाळलं तर डाग उलट ठळक पडतात. म्हणून कडुनिंबाच्या सावलीत धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर शेवटची बादली त्याची.

डिझेलचं फडकं मारणारेही गावात आहेत. त्याने गाडी तासभर चमकते, मग तेलकट अंगावर सगळी धूळ येऊन बसते, आणि दाराचे रबर खराब होतात ते वेगळंच. ते ना पॉलिश, ना वॅक्स.

कधी काय लावायचं, हे मगभर पाणी सांगतं. धुतलेल्या बोनेटवर ओता. थेंब सुटे होऊन घसरले तर काहीच लावू नका. पाणी पसरून बसलं तर वॅक्स संपलं, ते लावा. पॉलिश फक्त रेघा डोळ्यांना खुपत असतील तेव्हा, वर्षातून फार तर एकदा, आणि तिच्यानंतर त्याच दिवशी वॅक्स. उघडी चमक तशीच सोडू नये.

भाच्याची गाडी त्या दिवशी आम्ही दोघांनी धुतली, वॅक्स लावलं, पाणी ओतलं. टपावर, दारांवर थेंब पारिजातकाच्या फुलांसारखे सुटे झाले. बोनेटच्या कडेला मात्र ती खडूसारखी जागा तशीच राहिली. तिथे आता पेंटरच पाहिजे. कापूस निघाला की नेतो म्हणाला.