वेबपेज फक्त इंग्रजीतच बनतं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वर्षानुवर्षं फिरणारा समज: ‘एचटीएमएल (वेबपेज लिहिण्याची पद्धत) इंग्रजीचंच, मराठी-कन्नड मजकूर फोटो करूनच टाकावा लागतो.’ हे खरं नाही.

समज उगाच झालेला नाही. पूर्वी डीटीपीच्या दुकानात टाईप केलेला मजकूर ठरावीक फॉन्टवरच दिसायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं. आता युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे.

एचटीएमएल ही मुळात खुणांची पद्धत. १९८९ नंतर जिनिव्हाजवळच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून ती घडली. ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘ही लिंक’ एवढंच ती सांगते. खुणा इंग्रजी, मधला मजकूर कुठलाही.

स्वतः पाहा. नोटपॅडमध्ये यात्रेची पत्रिका लिहा, एक ओळ मराठी, एक कन्नड. सुरुवातीला कोनी कंसात ‘मेटा कॅरसेट’ची, यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक फाईलमध्ये साठवण्याची पद्धत) सांगणारी खूण घाला: <meta charset="utf-8">. फाईल यूटीएफ-८ मध्येच, नावाला ‘डॉट एचटीएमएल’ जोडून सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. मग कंट्रोल-एफ दाबून ‘पालखी’ शोधा. शब्द लगेच सापडतो, आणि अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअरही तो वाचू शकतं. फोटोतल्या पत्रिकेत तो शब्द नुसती आकृती असतो, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.