व्यस्त वायुवर्णलेखन

चूर्णांच्या आणि तंतूंच्या पृष्ठभागाची ऊर्जा व रासायनिक स्वभाव मोजण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून प्रयोगशाळेत तिला ‘आयजीसी’ (इन्व्हर्स गॅस क्रोमॅटोग्राफी) म्हणतात. नेहमीच्या वायुवर्णलेखनात, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीत, नळीतले भरण ओळखीचे असते आणि त्यातून जाणारे मिश्रण अनोळखी. इथे उलट असते. तपासायचे चूर्ण नळीत भरायचे आणि ओळखीची बाष्पे एकेक करून त्यावरून न्यायची. बाष्प किती वेळ अडकून पडले, यावरून पृष्ठभागाची ओढ कळते.

हा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण असे, की सपाट काचेवर थेंब ठेवून स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड काचेशी करते तो कोन, मोजता येतो, पण चूर्णावर ठेवलेला थेंब कणांमधल्या फटींत झिरपून जातो. चूर्ण दाबून वडी केली, तर दाबाने पृष्ठभागच बदलण्याची भीती. बाष्पाला मात्र पृष्ठभाग सपाट लागत नाही.

‘व्यस्त’ हे विशेषण १९६६ साली डांबराच्या अभ्यासात वापरले गेले. १९६९ मध्ये स्मिड्सरॉड आणि गिये यांनी ही पद्धत बहुवारिकांना, म्हणजे पॉलिमरांना, लावली. पृष्ठऊर्जेच्या मापनासाठी मात्र डॉरिस आणि ग्रे यांचे सेल्युलोज तंतूंवरील १९८० चे काम आणि शुल्झ व सहकाऱ्यांचे कार्बन तंतूंवरील १९८७ चे काम पायाभूत ठरले. आजही बहुतेक गणिते या दोनांपैकी एका वाटेने होतात.

नळी काचेची, काही मिलिमीटर व्यासाची असते. काच स्वतःच बाष्प धरून ठेवू नये म्हणून तिची आतली बाजू सिलेनाने (सिलिकॉनच्या संयुगाने) निष्क्रिय केलेली असते. चूर्ण थोडे थोडे ओतून नळीवर हलक्या टिचक्या मारतात. पोकळी राहिली तर वायू तिथूनच पळतो, आणि फार ठासून भरले तर प्रवाह अडतो. तंतू असतील तर त्यांची जुडी तारेने नळीत ओढून घेतात. मग हेलियम किंवा नायट्रोजनच्या प्रवाहात नमुना काही तास वाळवतात. ही पायरी उरकून टाकणाऱ्याच्या हाती बहुधा पृष्ठभागाऐवजी त्यावरच्या ओलाव्याचेच मोजमाप येते. फारसे न अडकणाऱ्या मिथेनला नळी ओलांडायला लागणारा वेळ इतर बाष्पांच्या वेळेतून वजा करतात. प्रवाहाचा वेग, तापमान आणि नळीतील दाबाची घट यांचा हिशेब घातला की धारण घनफळ, म्हणजे बाष्प बाहेर पडेपर्यंत लागलेल्या वायूचे निव्वळ घनफळ, मिळते.

हेक्झेनपासून डेकेनपर्यंतची सरळ साखळीची आल्केने (फक्त कार्बन व हायड्रोजनची संयुगे) पृष्ठभागाला केवळ विसरण बलांनी, म्हणजे सर्वच रेणूंमध्ये असणाऱ्या क्षीण ओढीने, चिकटतात. साखळीत एक कार्बन वाढला की धारण ठरावीक पटीने वाढते आणि त्या पटीतच पृष्ठऊर्जा दडलेली असते. पृष्ठऊर्जेचा विसरण घटक ४० मिलिजूल प्रति चौरस मीटर असेल, तर ३० अंश सेल्सिअसला ही पट सुमारे २.९ येते, ६० असेल तर सुमारे ३.७. म्हणजे हेक्झेन एक मिनिट अडकले तर डेकेन पहिल्या पृष्ठभागावर सव्वा तासाच्या आसपास आणि दुसऱ्यावर तीन तासांहून जास्त अडकेल. जड आल्केने तापमान वाढवून का न्यावी लागतात, तेही यातून कळते.

आल्केनांचे बिंदू धारणाच्या आलेखावर सरळ रेषेत येतात. ॲसिटोन, इथिल ॲसिटेट, क्लोरोफॉर्म, इथेनॉल यांसारखी ध्रुवीय बाष्पे त्या रेषेच्या वर बसतात. हे वरचे अंतर म्हणजे आम्ल-आम्लारी (ॲसिड-बेस) स्वरूपाची जादा ओढ. क्लोरोफॉर्म आम्लधर्मी असल्याने ते फार वर गेले तर पृष्ठभाग आम्लारिधर्मी असल्याचा संशय घ्यावा. इपॉक्सी राळेत घालायच्या कार्बन तंतूंवर केलेली प्रक्रिया लागू पडली का, हे पाहायला ही माहिती उपयोगी पडते.

आता या पद्धतीची खरी गोम. बाष्पाची मात्रा अत्यल्प असते तेव्हा रेणूंना जागेची ददात नसते. ते सर्वांत जास्त ओढ असलेल्या जागांवरच जास्त रेंगाळतात. पायऱ्या, कडा, भेगा अशा मोजक्या जागाच मग सगळ्या पृष्ठभागाच्या वतीने बोलतात. त्यामुळे अत्यल्प मात्रेवर मिळालेला एकच आकडा ‘या चूर्णाची पृष्ठऊर्जा’ म्हणून छापणे दिशाभूल करणारे आहे. मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवून पृष्ठभागाचा अधिकाधिक भाग व्यापला, की ऊर्जा कशी उतरत जाते याचा आलेख मिळतो आणि तोच विश्वासार्ह. बाष्प बाहेर पडताना नोंदीत उमटणाऱ्या शिखराला लांब शेपूट असेल तर वेळ टोकाशी मोजायची की शिखराच्या गुरुत्वमध्याशी, यानेही उत्तर बदलते. पद्धत न सांगता दिलेल्या आकड्यांची तुलना म्हणूनच व्यर्थ होय.

औषधनिर्मितीत दळणाचा परिणाम पाहायला तिचा वापर फार होतो. श्वासावाटे घ्यायच्या कोरड्या औषधांतले लॅक्टोज बारीक दळले की काही भागांत स्फटिकरचना मोडते आणि पृष्ठऊर्जा चढते. कण एकमेकांना आणि औषधाला वेगळ्या ताकदीने धरतात. पॅरासिटामॉलची तऱ्हा निराळी: त्याचा स्फटिक ज्या प्रतलावर सहज फुटतो तेच पाण्याला फारसे न भिडणारे आहे, त्यामुळे दळल्यावर चूर्ण अधिक जलविरोधी होते.

बहुवारिक काचसंक्रमण तापमानाच्या, म्हणजे ते काचेसारखे कडक न राहता मऊ होते त्या तापमानाच्या, वर असेल, तर बाष्प पृष्ठभागावर न थांबता आत विरघळू लागते. मग मोजले जाते ते विद्राव्यतेचे वर्तन. तापमानाच्या व्यस्तांकासमोर धारणाचा लॉगॅरिथम मांडला, तर संक्रमणाच्या जागी रेषा वाकलेली दिसते.