गटातली माणसं आणि 14416 वरचा माणूस

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या एका काकूंना परवा म्हटलं, 14416 वर, म्हणजे टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, एकदा बोलून बघा. काका वर्षभर अंथरुणावर आहेत आणि काकूंचं वजन डोळ्यांदेखत उतरलंय. त्या म्हणाल्या, "अगं, मी आहे की त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात. तेच ना ते?"

तेच नव्हे. हा घोटाळा मीही केला होता, म्हणून लिहिते.

आजारी नवऱ्याची किंवा बायकोची घरी सेवा करणाऱ्यांच्या गटात आपल्यासारखीच माणसं असतात. पदवी कोणाकडे नसते, जागरणं सगळ्यांकडे असतात. ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सत्तर किलोचा माणूस एकटीने वळवायचा कसा? ते गटात कळलं. जुनी चादर दुहेरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालून ठेवायची, आणि माणसाला न ओढता चादर ओढायची. कातडी घासत नाही, आपली कंबरही वाचते.

गट याहून मोठं एक काम करतो. रंगपंचमीचा दिवस होता, राजवाड्याकडून गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, ढोल ऐकू येत होते. रात्री कूस बदलताना माझा संयम सुटला आणि मी त्यांचा लुळा हात हिसकला. ह्यांना बोलता येत नाही. नुसते बघत राहिले. मी गटात लिहिलं. पाच मिनिटांत बडोद्याच्या एका ताईंचं उत्तर आलं, "माझ्याकडूनही झालंय. खांदा दुखावला नाही ना, उद्या दाखवून घ्या. आणि तुम्ही आता रडून घ्या." हे मी मुलाला सांगू शकले नसते. चाळीस वर्षं ज्याला सगळं सांगितलं तोच आजारी असतो, हे त्या गटात कोणाला समजवावं लागत नाही. अमेरिकेत फक्त अशा जोडीदारांसाठी वेल स्पाउस असोसिएशन 1988 पासून चालते, ती याच गरजेतून.

टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली. चोवीस तास, विनामूल्य, भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो. नाकातली नळी तुंबली तर तिथे विचारायचं नाही, तो प्रश्न नर्सचा किंवा डॉक्टरांचा. (गटालाही विचारायचा नाही. एकाने बदललेला गोळीचा डोस दुसऱ्याने उचललेला मी पाहिलाय.)

त्या रंगपंचमीनंतर मुलगा रात्री ह्यांच्याजवळ बसायचा, तरी मला झोप लागेना. पोह्यांचा घास तोंडात फिरायचा. गटात सांगितलं की "खंबीर राहा ताई" आणि जोडलेले हात यायचे, अगदी मनापासून. शेवटी 14416 लावला. फोनवरच्या बाईंनी मात्र सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का? जीवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" गटात हे कोणी विचारत नाही, कोणाला विचारवतही नाही. मी पहिल्यांदाच "हो" म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी मनोविकारतज्ज्ञांसमोर बसले होते.

शांत झोपेने उतरतो तो थकवा, त्याला गट पुरतो. दोन आठवडे दिवसचे दिवस मन उदास, कशातच गोडी नाही, असं असेल तर फोन करा. जीव द्यावासा वाटला तर दोन आठवडे मोजत बसू नका. 1999 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अमेरिकी पाहणी आली होती. जोडीदाराची सेवा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, सेवेचा भार नसलेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त निघाला. सेवा करणाऱ्याचा जीवही पणाला लागलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक फरक आहे, दिसायला लहान. गटात भाजी चिरता चिरताही लिहिता येतं. फोनला मात्र एकांत लागतो, आणि आजारी माणसाच्या खोलीत तो मिळत नाही. उद्या चार वाजता मी काकांजवळ बसणार आहे. काकू मोबाइल घेऊन गच्चीवर जातील.