साबुकंदाचं वाण निवडताना आधी महिने मोजा

एकादशीला, चतुर्थीला विदर्भात घरोघरी भिजत घातला जाणारा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. ज्या कंदापासून तो बनतो तो साबुकंद, म्हणजेच टॅपिओका, आपल्या वावरात का लावू नये, हा प्रश्न रास्तच आहे. पण वाणाची गोष्ट निघाली की पहिली विचारणा 'एकरी किती टन?' अशी होते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी करावी. आधी विचारावं, हे वाण किती महिन्यांत तयार होतं?

तिरुवनंतपुरमजवळच्या श्रीकार्यम इथे १९६३ पासून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे. तिथून १९७१ साली एच-९७, एच-१६५ आणि एच-२२६ ही संकरित वाणं बाहेर पडली. त्यातलं एच-२२६ सेलमच्या कारखानदारीत चांगलंच रुजलं, कारण त्याच्या ताज्या कंदात २८ ते ३० टक्के स्टार्च असतो. मात्र त्याला दहा महिने लागतात. जूनअखेर लावलं तर काढणी एप्रिलअखेर. ऑक्टोबरमध्ये आपला पाऊस सरतो. पुढे पाणी मिळालं नाही तर झाड मरत नाही, पानं गाळून तग धरतं, पण कंद पोसणं मंदावतं. काढणी आणखी लांबली आणि वळवाचा पाऊस झाला, तर नवी पालवी फुटते ती कंदातला स्टार्च खर्चून. शिवाय तेवढे महिने रानडुकरांपासून पीक राखायचं, हे जंगलाकाठच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून कोरडवाहू वावरासाठी श्री जया, श्री विजया अशी सहा-सात महिन्यांत येणारी वाणं मला जास्त पटतात. जानेवारीत वावर मोकळं होतं.

इथे एक अडचण उभी राहते. साबुकंद बियांपासून लावत नाहीत, कारण बियांपासून आलेलं रोप मूळ झाडासारखं निघेलच याचा भरवसा नसतो. लावायच्या त्या काड्या, म्हणजे झाडाच्या पक्व खोडाचे साधारण २० सेंटिमीटरचे तुकडे. काढणी जानेवारीत आणि लावण जूनमध्ये, मग मधल्या उन्हाळ्यात बेणं टिकवायचं कसं? ४५ अंशांच्या उन्हात काड्या वाळून जातात. सरळ उपाय असा, की बेण्यापुरती झाडं विहिरीजवळच्या धुऱ्यावर उभीच ठेवावीत, त्यांना अधूनमधून पाणी द्यावं आणि लावणीच्या तोंडावर तोडावीत. काडी जिवंत आहे का, ते बघायला साल नखाने खरवडावी. पांढरा चीक लगेच आला तर काडी चांगली, कोरडी राहिली तर फेकून द्यावी. शेंड्याकडचा कोवळा भागही बेण्यात घेऊ नये.

माल जाणार कुठे, यावरही वाण ठरतं. काढल्यानंतर दोन-तीन दिवसांतच कंद आतून निळसर-काळपट पडू लागतो. त्यामुळे स्टार्चचा कारखाना जवळ नसेल, तर जास्त स्टार्चचं वाण लावून हाती काही लागत नाही. अशा ठिकाणी उकडून खायचं गोडं वाणच लावावं.

गोडं आणि कडू हा फरक जिवाशी संबंधित आहे. साबुकंदाच्या पेशींत लिनामरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याला फोडणारं विकर पेशीभित्तीत वेगळं असतं. कंद कापला, किसला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. किडीला, उंदराला, डुकराला दूर ठेवायची ही झाडाची तजवीज. ताज्या कंदात किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड निघत असेल तर त्याला गोडं वाण म्हणतात. पाण्याचा ताण पडला की हे प्रमाण वाढतं, म्हणून दुष्काळी वर्षी गोड्या वाणावरही डोळे झाकून विसंबू नये. साल काढा, बारीक तुकडे करा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. कच्चा कंद मुलांच्या हाती पडू देऊ नका.

जमिनीचं थोडक्यात सांगता येतं. पाणी साचलं की कंद सडतो. त्यामुळे यवतमाळ-अकोल्याची भारी काळी किंवा भंडाऱ्याकडची कन्हार नको. मुरमाड, बर्डी, उताराची जमीन बघावी आणि वरंब्यावर लावावं.

राहिला मोझॅक. भारतात साबुकंदाचं सगळ्यात जास्त नुकसान करणारा हा विषाणूजन्य रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, आणि ही माशी कपाशीवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. कपाशीला लागून साबुकंद लावणार असाल, तर श्री पद्मनाभ किंवा श्री रक्षा या रोगाला दाद न देणाऱ्या वाणांचा विचार आधी करा. त्यांना दिवस किती लागतात, तेही बेणं घेतानाच विचारून घ्या. माशीपेक्षाही मोठा धोका बेण्याचा. रोगट झाडाची काडी लावली की रोग पहिल्या दिवसापासून तुमच्या वावरात आला. ओळखीतून फुकट मिळालेल्या काड्या घ्यायचा मोह होतो, पण त्या झाडांची पानं स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नका. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे चट्टे, पान एका बाजूला आखडलेलं, वेडंवाकडं, आकाराने लहान, एवढं दिसलं तरी पुरे. लावणीनंतर महिनाभरात असं झाड तुमच्याच वावरात दिसलं तर उपटून जाळा, आणि पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी निरोगी झाडांना पानं हिरवी असतानाच चिंधी बांधून ठेवा. जानेवारीत पानं गळाली की रोगट झाड कोणतं, ते ओळखता येत नाही.