परतीचे क्रेट घेण्याआधी

नाशिकजवळच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांना आम्ही परतीचे, म्हणजे माल पोचवून रिकामे परत येणारे आणि पुन्हा वापरायचे प्लास्टिक क्रेट पुरवतो आणि मालाखाली ठेवायची जुनी लाकडी पॅलेट दुरुस्त करून देतो. काहींकडे ही पद्धत वर्षानुवर्षं चालते, काहींकडे क्रेट दोन महिन्यांत स्टोअरमागे धूळ खात पडतात. पर्यावरणाची आवड दोन्हीकडे सारखीच असते. अडतं ते हिशोबात आणि परतीच्या गाडीत.

परचेसवाले नगाचा दर बघतात, फेरीचा नाही. समजा, पुठ्ठ्याचं खोकं 40 रुपयांना पडतं आणि एकदाच वापरात येतं. क्रेट 600 रुपयांचा, वर धुणं आणि परतीचं भाडं मिळून फेरीमागे 5 रुपये. फेरीला 35 रुपये वाचले, तर अठराव्या फेरीत पैसे वसूल. गिऱ्हाईक अंबडमध्येच असेल आणि आठवड्याला एक फेरी होत असेल, तर चार-साडेचार महिने. माल चाकणला जात असेल आणि क्रेट महिन्याने परतत असेल, तर दीड वर्ष, भाडंही जास्त.

तोवर काही क्रेट हरवतातच. समोरच्या शॉपफ्लोअरवर कुणीतरी त्यावर बसलेलं असतं! म्हणून क्रेटचं वेगळं डिलिव्हरी चलन करा आणि गेटवर मोजणारा एकच माणूस नेमा. ड्रायव्हरवर सोडलं की संपलं.

अलीकडे मोठ्या कंपन्यांकडून व्हेंडरना प्रश्नावल्या येतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यात पहिल्या 1000 शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला, त्यात कचऱ्याचाही हिशोब द्यावा लागतो. हा रेटा उपयोगी आहे. पण रिकामे क्रेट स्वतःच्या गाडीने परत पाठवायला ती कंपनी तयार आहे का, हे ऑर्डरआधी लेखी घ्या.

निर्यातीसाठी आमचे क्रेट घेऊ नका. पिंपळगाव-दिंडोरीची द्राक्षं युरोपात गेली की पॅलेट परत येत नाही. तिथे एकदाच जाणारं लाकूडच बरं. मात्र ते आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलं हवं. दुरुस्तीत एक तृतीयांशाहून जास्त लाकूड बदललं, तर जुना शिक्का पुसून प्रक्रिया पुन्हा करावी लागते. स्थानिक वापराच्या पॅलेटला हा खर्च नाही.

येताना गेल्या तीन महिन्यांचं डिस्पॅच रजिस्टर आणा. कोणत्या गिऱ्हाइकाकडे क्रेट परवडतील आणि कुठे पुठ्ठाच चालू ठेवावा, हे आम्ही समोर बसून मांडून देतो. त्याचे पैसे घेत नाही.